चेअरमनसाहेबांची सोनेरी बाभूळ

विरारला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीचे चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, हे त्यांच्या दुसऱ्या वाक्यात कळायचं. पहिलं वाक्य पाण्याच्या टाकीबद्दल असायचं.

एकदा ते मुलाकडे राहून आले ते काळ्या चकचकीत बिया घेऊन. "सोनेरी बाभूळ. झुडूपच असतं, पण फुललं की बघत राहाल. आपल्याकडे कुणाकडे नाही," असं त्यांनी गेटपाशी सगळ्यांना सांगितलं. बिया कुंड्यांत पेरल्या. तीन आठवडे काही उगवलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. म्हटलं, "साहेब, वरचं साल कडक आहे. उकळतं पाणी ओता, रात्रभर भिजू द्या, मग पेरा." उरलेल्या बियांना त्यांनी तसं केलं आणि आठवड्यात सहा रोपं वर आली. ही युक्ती मुलाने फोनवर सांगितली, असं त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. मी समोरच बसले होते.

रोपांना आधी बाभळीसारखी बारीक पिसांची पानं आली. महिन्याभराने मात्र नवी पानं सपाट, रुंद, रुपेरी लव असलेली यायला लागली. चेअरमन घाबरले. मी सांगितलं, "या जातीचं असंच असतं. ही पानं नव्हेत, देठच पसरट होतो. तीन ठळक शिरा दिसतात बघा. रोग नाही हा."

"मॅडम, तुम्ही पुस्तकातलं शिकवता," ते हसून म्हणाले. वॉचमनही हसला. "बाभळीचं पान कसं असतं ते आम्ही लहानपणापासून बघतोय."

त्यांनी सहाही रोपं उपटून कंपाउंडबाहेर टाकली. मागाहून उगवलेलं सातवं तेवढं ठेवलं, कारण त्याची पानं पिसांसारखीच राहिली होती. ती साधी सुबाभूळ होती, कुंडीतल्या मातीतून आपोआप उगवलेली. रेल्वेच्या कडेला गाढवही वळून बघत नाही अशी. मला ती ओळखू आली होती. पण मी एकदा हसं करून घेतलं होतं, दुसऱ्यांदा करून घ्यायची इच्छा नव्हती. खरं सांगायचं तर पुढची मजाही बघायची होती.

उपटलेल्यांपैकी दोन रोपांची मुळं धड होती. ती ओल्या फडक्यात गुंडाळून मी आमच्या लॅब असिस्टंटला दिली. तिची जवळच आगाशीला वाडी होती. तिने ती विहिरीमागे लावली. एक गेलं, एक जगलं.

इकडे सुबाभळीभोवती गोल कट्टा बांधला गेला. वर पाटी लागली: सोनेरी बाभूळ, ऑस्ट्रेलिया. पुढे तिला फुलं आली, पांढरीफटक. पाटी लावताना चेअरमननी पेढे वाटले होते, त्यामुळे माघार घेणं कठीण होतं. "हवेचा फरक," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पिवळी येतील." लोकांनी माना डोलावल्या. पेढा खाणाऱ्या त्या माणसांचाही मला तितकाच तिटकारा आला.

त्याच हिवाळ्यात आगाशीचं झुडूप फुललं. बोटाएवढे पिवळेधमक तुरे. मी बघायला गेले. असिस्टंट म्हणाली, "बाई, दिसायला बरं आहे, पण गजऱ्याला चालत नाही आणि शेळी तोंड लावत नाही." तरी तिने मला एक फांदी तोडून दिली.

ती मी चेअरमनच्या दारात नेली. "तुमचीच आहे," म्हटलं. "तुम्ही टाकून दिलेली."

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. तीन शिराही बघितल्या असाव्यात, कारण बोट पानावर थोडं थांबलं. मग फांदी परत देत म्हणाले, "जंगली दिसतंय काहीतरी."

दोनेक वर्षांत सुबाभळीच्या शेंगा फुटून पार्किंगपासून गच्चीच्या फटींपर्यंत रोपं उगवली. नव्या कमिटीने झाड मुळासकट काढलं. चेअरमन तोवर मुलाकडे कायमचे राहायला गेले होते. तिकडे ते कुणाला काय शिकवत असतील, याचा मी विचार करत नाही.