दुर्गापूरच्या वाटेवरची झाडं

माझी मुलगी दीड वर्षाची झाली तरी अंगावरच पीत होती, दुसरं काही तोंडात घ्यायचीच नाही. वरणभात भरवला की थुंकायची, केळं दिलं की हातात कुस्करायची, आणि मग माझ्या पदराशी झोंबायची. डॉक्टर म्हणाले हिचं वजन भरत नाही, आता दूध तोडा. तोडा म्हणायला काय जातं. मी कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तिनं तोंड वाकडं केलं आणि तशीच प्यायली.

उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे कलकत्त्याला आल्या. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "तू समोर आहेस तोवर ती सोडायची नाही. आठ दिवस कुठंतरी जा. मी सांभाळते तिला."

"कुठं जाऊ, आई?"

"मला काय विचारतेस? नवऱ्याला विचार."

हे तर वाटच बघत होते. हे बँकेत आहेत, पण लग्नाआधी सायकलवरून पुरीपर्यंत जाऊन आलेले, आणि लग्न झाल्यावर मलाही ढाकुरियाच्या तळ्याकाठी सायकल शिकवली होती, खालच्या बौदींची, म्हणजे बंगाली वहिनींची, लेडीज सायकल मागून. म्हणाले, "दुर्गापूरला जाऊ, सायकलनं. कारखान्यात माझा मित्र आहे, मराठी घर आहे. तीन दिवस जायला, दोन दिवस तिथं, तीन दिवस यायला."

"अहो, या उन्हात? लोक आगगाडीनं जातात."

"आगगाडीनं चार तासांत पोचू. मग आठ दिवस काय करायचं?"



मला लॉरीची भीती वाटत होती, उन्हाची वाटत होती, पण ती भीती वेगळी. खरी भीती मी कुणाला सांगितली नाही. मी दोन वर्षांची असताना आई मला मामीकडे ठेवून बाळंतपणाला गेली होती, परत आली तर मी तिला ओळखलंच नाही, मामीच्या मागं लपले. आई हे नेहमी हसून सांगायची. मला कधी हसू आलं नाही. आपलीही अशीच लपली तर काय करायचं, हे एकच माझ्या डोक्यात फिरत होतं.

पाचवारी साडी चाकात जाईल म्हणून सासूबाईंनी त्यांचं लुगडं मला दिलं, स्वतः कासोटा घट्ट घालून दिला. ह्यांच्या खिशात एक कांदा, माझ्या पिशवीत एक कांदा, ऊन लागू नये म्हणून. निघताना दारात म्हणाल्या, "दूध दाटेल. फार दुखलं तर काढून टाक, पण वाटेवर सांडू नकोस, पायाखाली येऊ देऊ नकोस. झाडाच्या मुळाशी घाल."

उजाडायच्या आत निघालो, हे स्वतःच्या सायकलवर, मी बौदींच्या. ती पालथी झोपली होती, एक पाय चादरीबाहेर. मी तो पाय झाकला नाही. झाकला असता तर गेलेच नसते.

हावड्याचा पूल ओलांडला तेव्हा नदी दुधासारखीच दिसत होती, का मलाच तशी दिसत होती, कोण जाणे. मग मोठा रस्ता लागला आणि गावंमागून गावं, तळी, केळी, आणि नऊ वाजता ऊन असं की रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटायचं, सुटताना चट चट वाजायचं. पुढं रस्त्यावर पाणी चमकायचं, आपण जवळ गेलो की ते आणखी पुढं. हे पुढं, मी मागं, ह्यांचा सदरा पाठीला चिकटलेला, आणि मला मध्येच वाटायचं की मी सायकल चालवतच नाहीये, झोपेत आहे, आणि रस्ताच माझ्या खालून चाललाय.

दहाच्या सुमाराला दूध आलं. ती रोज याच वेळेला प्यायची. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजली. मी घंटी वाजवून ह्यांना थांबवलं. रस्त्याच्या कडेला एक मोठं शिरीषाचं झाड होतं. हे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले, मी मुळाशी बसले आणि दूध काढलं. माती इतकी तापलेली की थेंब पडला न पडला तोच दिसेनासा व्हायचा. मला वाटलं, पीत आहे. खरंच असं वाटलं.

मग मी तसंच करत गेले. वडाला घातलं, आंब्याला घातलं, पांडुआ गावाच्या पुढं एका खुरट्या बाभळीला घातलं कारण तिथं दुसरं झाडच नव्हतं. दुखत नसलं तरी थांबायची. झाड दिसलं की तिची आठवण यायची आणि आठवण आली की दूध यायचं.

हे म्हणाले, "मला वाटलं होतं मी बायकोला घेऊन चाललोय. ही तर सगळ्या रस्त्याची आई निघाली."

"तुम्ही तिकडं बघा."

"तिकडंच बघतोय. दोन लॉऱ्या आणि एक बकरी, एवढं पाठ झालंय."

चहाच्या टपरीवरचा म्हातारा माझा कासोटा बघत म्हणाला, "एतो गरमे कोथाय जाच्छेन, मा?" एवढ्या उन्हात कुठं निघालीस, असं. मला तोडकं बंगाली येतं. मी म्हटलं, मेयेर दूध छाडाते, मुलीचं दूध तोडायला. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, सायकलींकडे बघितलं, आणि दोन शहाळी फोडून दिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुर्गापूरला पोचलो. मित्राच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. त्यांना तीन मुलं. आंघोळ करून आले तर त्यांनी माझी भिजलेली चोळी बघितली.

"तीन दिवस झाले ना? अजून एवढं?"

मी सांगितलं, शिरीष, वड, आंबा, सगळं. त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या आणि हसायला लागल्या. "अगं वेडे, पिळत राहिलीस तर आटेल कसं? सासूनं सांगितलं दुखलं तर. तू तर झाडांना नेमानं पाजत आलीस."

मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हसणं थांबवलं. म्हणाल्या, "तिला खायला लागायचंय ना? मग तूही सोड."

तोवर मला वाटत होतं की सोडायचं तिनं आहे.

त्यांच्या दारात मोगरा होता. दोन्ही दिवस त्यांनी फुलांच्या पुरचुंड्या करून छातीवर घट्ट बांधून दिल्या, यानं दूध आटतं म्हणाल्या. "अगदीच सहन झालं नाही तर चार थेंब. जास्त नाही." येताना ओल्या फडक्यात भरपूर फुलं बांधून दिली.

परतीचा रस्ता तोच. तीच झाडं. ऊन जास्तच, आणि माझ्या अंगातून मोगऱ्याचा वास, घामाबरोबर वर येणारा, गोड, डोकं जड करणारा. बाभूळ आली. मी पायडल मारत राहिले. आंबा आला, वड आला. मला वाटायचं, ती झाडं जरा वाकलीत, बघतायत. दुखत होतं, दोनदा मी घंटीवर बोट ठेवलं आणि काढलं. हे एकदा थांबून म्हणाले, "तुझं झाड आलं." मी म्हटलं, "चला पुढं." शिरीषापाशी मी डोळे मिटून घेतले. सायकलवर डोळे मिटायचे नसतात, पण मिटले, आणि पुढच्या चाकाखाली खडा आला तेव्हा उघडले, तर ते झाड मागं गेलेलं.

बालीगंजला घरी आलो तेव्हा संध्याकाळचे दिवे लागत होते.

दार उघडंच होतं. ती सासूबाईंच्या पुढ्यात बसली होती, तोंडाला भात लागलेला. माझ्याकडे बघितलं. मी दारातच थांबले. ती उठली आणि तुरुतुरू येऊन माझ्या लुगड्याला धरलं. आठ दिवस लुगडं म्हणजे आजी. मग वर बघितलं, तर तोंड आजीचं नाही. ओठ थरथरायला लागले. एकदा मागं आजीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खाली बसले. तिनं माझ्या गळ्याशी नाक आणलं, वास घेतला, मोगऱ्याचा वास तिच्या ओळखीचा नव्हता. मला वाटलं, आता लपणार.

ती लपली नाही. पदराशीही झोंबली नाही. माझं बोट धरलं, ओढत ताटलीपाशी नेलं आणि म्हणाली, "मंमं."

सासूबाई उठल्या, जागा मला दिली. "भरव. एवढुसे घास कर, मोठा घेत नाही."

मी वरणभाताचा घास केला. हात न धुताच, रस्त्याची धूळ तशीच. सासूबाईंना चालत नाही असलं काही, पण त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. तिनं तोंड उघडलं. माझ्या हातचा पहिला घास तिनं थुंकला नाही, गिळला, आणि परत तोंड उघडलं. चोळी पुढून ओली होत होती, मला कळत होतं. मी दुसरा घास केला.