गुलाबाच्या वाफ्यातलं सोनं

“नुसती मान हलवतेय. सोन्याच्या दूर्वा म्हणजे काय, हे हिला काय डोंबल समजणार?”

काकू ओट्यापाशी उभ्या राहून काकांना हळूच मराठीत म्हणाल्या. मी चार पावलांवर डायनिंग टेबलाशी त्यांची तक्रार लिहून घेत होते. पोलिसातली नोकरी सोडून मला बराच काळ झाला, पण ते वाक्य आठवलं की अख्खी केस समोर उभी राहते.

मी तेव्हा कॅनडात, सस्काटूनला पोलिसात नवीन होते. आमचं आडनाव गुजराती लोकांतही असतं, त्यामुळे छातीवरचं नाव वाचून मी मराठी आहे हे काकूंना कळलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. शिवाय एकदा मराठीत तोंड उघडलं की ‘कुणाची गं तू, लग्न झालं का’ सुरू होणार, आणि मग कोण कुणाचा जबाब घेतंय तेच कळेनासं होणार.

तक्रार साधी होती. विसर्जनानंतर काकूंनी गणपतीच्या दागिन्यांचा डबा उघडला. मुकुट होता, हार होता, सासूबाईंनी दिलेली सोन्याच्या दूर्वांची जुडी नव्हती. कुलूप तुटलेलं नव्हतं, खिडकी शाबूत होती. घरात वावरणारी तिसरी व्यक्ती एकच, बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी नागपूरची विद्यार्थिनी.

“घरच्यासारखं वागवलं तिला, ऑफिसर,” काकू इंग्रजीत म्हणाल्या. “रोज आरतीला वर यायची.”

काका ओटा पुसत राहिले. मी विसर्जनाबद्दल विचारलं, तेव्हा मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले, “बॅकयार्डमध्ये, बादलीत. सगळं कायदेशीर.”

कायद्याचं मी विचारलंच नव्हतं. ते मी लक्षात ठेवलं.

खाली मुलगी सूटकेस उघडून बसली होती. रडत नव्हती. “मी दुसरी रूम बघतेय,” ती म्हणाली. “पण चोर म्हणून नाही जाणार. याचा माझ्या स्टडी परमिटवर परिणाम होईल का?” तिची खोली तिने स्वतःहून दाखवली. काही सापडलं नाही. पण काही न सापडल्याने कुणी निर्दोष ठरत नाही, निदान वरच्या मजल्यावर तरी नाही.

दोन दिवसांनी जवळच्या पार्कमधल्या माळीणबाईंचा फोन आला. एक म्हातारा मेटल डिटेक्टर घेऊन गुलाबाच्या वाफ्यात खणतोय, आणि आत्ताच त्याने काहीतरी चकचकीत वर काढलंय. सार्जंट आणि मी निघालो.

पोटॅशच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस होता तो. गुडघ्यांना पॅड, गळ्यात हेडफोन. आम्हाला बघून त्याने न सांगताच हात वर केले.

“काय मिळालं?” सार्जंटने विचारलं.

“आज? कोकचे कॅन उघडताना ओढतात त्या चाव्या, एक खिळा आणि हे गवत.” त्याने मूठ उघडली. मातीने माखलेल्या हातावर तीन-तीन पानांची सोन्याची जुडी चमकत होती.

स्टेशनवर सार्जंटने त्याला बराच वेळ उलटसुलट विचारलं. त्या गल्लीत कुणाला ओळखतोस? नेमका तिथेच कसा गेलास? सार्जंटचा तर्क असा, की चोराने माल पुरला आणि हा तो न्यायला आला.

“मी चोर असतो,” म्हातारा म्हणाला, “तर भरदुपारी, पार्कच्या मधोमध, कानाला हे लावून आलो असतो? परमिट फक्त लॉनचं आहे, वाफ्यात खणलं ते चुकलंच. कडेने जाताना आवाज आला. सोनं आणि कॅनची चावी यात यंत्राला फारसा फरक कळत नाही. मला वाटलं, आणखी एक चावी. आजवर इतक्या काढल्यात, की बायको म्हणते त्यांचं चिलखत शिवून घाल.”

जप्त केलेली माती एका ट्रेमध्ये ओतली होती. सार्जंटने त्यातून चिमट्याने कापसाची एक पट्टी उचलली. तिच्यावर लाल ठिपके होते.

“रक्त,” तो गंभीरपणे म्हणाला. “आपल्या चोराला लागलेलं दिसतंय. लॅबला पाठवू.”

मला हसू आलं. स्टेशनात मी मोठ्याने हसले ती ही पहिलीच वेळ. सार्जंट माझ्याकडे बघतच राहिला.

ते गणपतीला वाहिलेलं कापसाचं वस्त्र होतं आणि ठिपके कुंकवाचे. त्याखाली सुकलेल्या खऱ्या दूर्वा, दोऱ्याने बांधलेल्या. म्हणजे निर्माल्य. देवाची उतरलेली फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. आमच्याकडेही आई ते ग्रोसरीच्या पिशवीत भरून माझ्या हातात द्यायची आणि मी इकडेतिकडे बघत एखाद्या झाडाखाली पुरून यायचे. शाळेत हे कुणाला सांगितलं नव्हतं. सार्जंटला सगळं सांगावं लागलं. त्याने शांतपणे ऐकलं, चिमटा खाली ठेवला आणि म्हणाला, “मग लॅब नको.”

पुढचं आधीच सांगून टाकते. म्हाताऱ्याला वाफ्याबद्दल समज देऊन सोडलं. दुसऱ्या वर्षीपासून विसर्जनाला काकू त्याला बोलावू लागल्या. तो निर्माल्याच्या पिशवीवरून यंत्र फिरवतो, मोदक खातो आणि घरी जातो. या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवावं. आणि वस्तू हरवली की लोक आधी डबा नीट बघत नाहीत, घरात सगळ्यात नवीन कोण आहे ते बघतात. तिसरीही एक होती, ती मला सोनं सापडलं त्याच संध्याकाळी काकूंच्या घरी उमगली.

सार्जंट दाराशी उभा राहिला. मी पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवली आणि कुठे सापडली ते इंग्रजीत सांगितलं. काकांचा चेहरा उतरला.

“निर्माल्य मीच पुरलं,” ते काकूंना मराठीत म्हणाले. “वाफ्यात कुणी पाय देत नाही म्हणून. सरकारी जागा, दंड होईल, म्हणून बोललो नाही. पण सोनं त्यात कसं गेलं?”

काकू खुर्चीवर बसल्या. “अहो, मीच ती जुडी खऱ्या दूर्वांत बांधली होती. मागच्या वर्षी सारखी घरंगळत होती ना. आणि उतरवताना विसरले.”

खालून खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा चर्रकन आवाज आला. काकूंनी तिकडे पाहिलं, मग पटकन मान वळवली.

“आता या पोलीसबाईला काय सांगायचं? निर्माल्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?”

“काही नको सांगू,” काका म्हणाले. “मान हलवेल ती.”

पुन्हा चर्रकन आवाज आला. मी वही मिटली. समजत असून न समजल्यासारखं वागणं हीसुद्धा लपवाछपवीच, ही ती तिसरी गोष्ट.

“काकू,” मी म्हणाले, “मला पहिल्या दिवसापासून सगळं समजतंय. माझं नंतर बघू. आधी खाली जा, त्या मुलीला स्वतः सांगा, आणि जेवायला वर घेऊन या.”