बी विंगचा उमेदवार

परवा रविवारी सकाळी आमच्या बी विंगच्या पार्किंगमध्ये मी माझ्याच नवऱ्याविरुद्ध मत दिलं. आणि वर पुन्हा पहिल्या रांगेत साळसूदपणे बसून राहिले...

त्याचं असं झालं, आमच्या खराडीच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात चेअरमनची निवडणूक आहे. प्रत्येक विंगने आपला एकच उमेदवार द्यायचा असं ठरलं. आमच्या विंगमध्ये तिघं इच्छुक निघाले, म्हणून आधी आपापसातच निवड. तिघांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं आणि हजर असतील त्या सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या.

त्या तिघांतले एक आमचे हे!

हे पूर्वी तीन वर्षं सेक्रेटरी होते. कुणाचा नळ गळला तरी फोन यांना, लिफ्ट अडकली तरी यांना. भरल्या ताटावरून किती वेळा उठलेत, विचारू नका. शेवटी बीपी एवढं वाढलं की चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. त्या चार दिवसांत मी जी घाबरले, ते माझं मलाच माहीत.

त्यामुळे "मी उभा राहतोय" म्हणाले तेव्हा मी आधी घरात बीपीच्या गोळ्या आहेत ना ते बघितलं. पण रिटायर झाल्यापासून माणूस जरा गप्प गप्प असतो... एवढी हौस आहे तर आपण कशाला मोडता घाला, म्हणून बोलले नाही. दोन दिवस बाल्कनीत येरझाऱ्या घालत भाषण पुटपुटत होते. मला ते बघवतही नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं.

पहिला बोलला तिसऱ्या मजल्यावरचा रोहित. आयटीतला पोरगा, लॅपटॉप आणि पडदा घेऊनच आला. व्हिजन झालं, रोडमॅप झाला, सोसायटीचं ॲप झालं... पाण्याचं नाव नाही. अरे, रोज टँकर येतो आपल्याकडे, तो काय ॲपमधून उतरतो? माझं माहेर नारायण पेठेतलं, जीभ नुसती वळवळत होती. पण उमेदवाराची बायको ना मी, बसले गप्प.

मग शैलाताई उठल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, हातात कागद नाही की काही नाही. "टँकर सहाला येतो, मी पाचला उठते. मी खाली उभी राहून मोजून पाणी घेईन. बाकीचं मग बघू." संपलं भाषण! मला कडकडून टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात मांडीवर दाबून धरले.

आणि मग आमचे हे... मीच इस्त्री करून दिलेला शर्ट घालून. म्हणाले, "पाण्याचं माझ्याकडून काही होईल असं वाटत नाही. लिफ्ट जुनी आहे, ती बंद पडणारच. मला फोन करायचा असेल तर संध्याकाळी पाच ते साडेपाच." आणि बसले.

अगं बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांचे कान लाल झालेले दिसले आणि इतकं वाईट वाटलं... निदान आपलं एक मत तरी द्यावं बिचाऱ्यांना. पेन टेकवलंही होतं. मग हॉस्पिटलचा तो बेड आठवला, आणि मी शैलाताईंचं नाव लिहून चिठ्ठीची चांगली चार वेळा घडी घातली.

लाडवाच्या रिकाम्या डब्यातून तळमजल्यावरचे जोशीकाका एकेक चिठ्ठी काढत होते. शैलाताई एकवीस. रोहित बारा. मग काकांनी डबा उलटा करून झटकला, आत डोकावून पाहिलं आणि यांच्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला... अहो, एकही नाही."

झालं! अख्खं पार्किंग माझ्याकडे बघायला लागलं. स्वतःच्या बायकोनेही मत दिलं नाही, हे आता सगळ्या विंगला कळलं होतं. मी चोरून यांच्याकडे पाहिलं, तर हे मान खाली घालून चपलेशी चाळा करत बसलेले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली... एकही नाही म्हणजे यांचं स्वतःचंही नाही!

लिफ्टमध्ये दार बंद होताच विचारलं, "कुणाला दिलंत?"

"शैलाताईंना. तू?"

"मीही," मी म्हणाले आणि लगेच यांच्याकडे वळले.

"मग उभे कशाला राहिलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तूच सगळ्यांना सांगत होतीस ना, हे नुसते घरात बसून असतात म्हणून. वाटलं, तुला हवंय. मला तर नाव देतानाच धडधडत होतं गं."

"आणि ते भाषण?"

"तेच तर दोन दिवस पाठ करत होतो," हे म्हणाले.

आम्ही इतके हसलो की आमचा मजला आला तरी बाहेर पडायचं भान राहिलं नाही. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी कधी आलं, कळलंच नाही.

दुपारी हे वरण-भात पोटभर जेवले आणि गाढ झोपले. फोन एकदाही वाजला नाही. मी शेजारी बसून नुसती त्यांचं घोरणं ऐकत होते, आणि खरं सांगते, इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याला मत न देणाऱ्या बाकीच्या एकतीस शेजाऱ्यांचे मनापासून आभार.