एक डोळा झाका

ये शालन, जवळ सरकून बस. आणि तो जाड भिंगांचा चष्मा आधी पुस. डाव्या डोळ्यात विजा चमकतात म्हणतेस, काळी जळमटं तरंगतात म्हणतेस, आणि वर मलाच समजावतेस, "मावशी, झोप झाली नसेल." एवढी शिकलीस, पण डोळ्याच्या बाबतीत आमच्यासारखीच गं तू. आज इंदूबाई डॉक्टर असत्या तर तुला असं चहा पीत बसू दिलं नसतं. तू त्यांना पाहिलं नाहीस, म्हणून सांगते.

सांगलीत विश्रामबागेत त्यांचा छोटा दवाखाना होता. बाई ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. आणि खोड अशी, की समोर येईल त्याला म्हणणार, "एक डोळा झाका." हळदीकुंकवाला गेल्या तरी तेच. मांडीवर वाण घेऊन बसलेल्या बायका एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचताना मी पाहिल्यात. कुणी हसलं की म्हणायच्या, "हसा. दोन डोळे एकमेकांना सांभाळून घेतात हो. एक कामावर आला नाही तरी दुसरा त्याची हजेरी लावतो, मालकाला पत्ताच नाही."

आमची गाठ पडली ती पलूसला, आमच्या गावी. दुष्काळ सरून रानात ऊस पुन्हा उभा राहिला होता. तुझ्या काकांना डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. गावात डोळा मंदावला की निदान एकच, मोतीबिंदू. आणि तो पिकल्याशिवाय काढत नाहीत, हे लहानथोर सगळ्यांना पाठ. मग आम्हीही पिकायची वाट बघत बसलो. ऊस गेला की बघू, सुगी झाली की बघू. शाळेत मोतीबिंदूचं शिबिर लागलं तेव्हा हे म्हणाले, "पिकला का बघून येतो." मी मागोमाग गेले.

बाईंनी थेंब घालून बाहुली मोठी होईपर्यंत बसवलं. मग खिडक्यांना घोंगडी लावलेल्या वर्गात बाकावर उताणं निजवलं. कपाळावर दिवा, हातात भिंग. "वर बघा. खाली. आता नाकाकडे." डावा झाला, उजवा झाला, आणि उजव्याशी परत येऊन थांबल्या. बराच वेळ.

"मोतीबिंदू नाहीच," बाई म्हणाल्या. "आतला पडदा सुटलाय. ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटतो ना, तसा. डाव्याला फार काळ झालाय. आता चिकटवून उपयोग नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. एकावर भागतंय."

"त्या एकाच्याच पडद्याला भोक पडलंय, दादा. पडदा अजून जागेवर आहे. भोकातून पाणी मागं शिरलं की तोही सुटेल. आजच सांगलीला चला."

"आवं बाई, तोडीची टोळी रानात आलीया. आन चांगल्या डोळ्याला हात लावू देऊ व्हय? त्येनंच तर दिसतंय."

खरं सांगू, मलाही त्यांचंच पटलं होतं. दिसत्या डोळ्याला कोण हत्यार लावू देईल?

बाई वाद घालत बसल्या नाहीत. घोंगडी काढायला लावली, लख्ख उजेड आला. यांच्या उजव्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून पट्टी बांधली. मला कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं. "दादा, बायकोकडे चालत जा."

हे निघाले आणि बाकाला धडकले. हात पुढं करून फळ्याकडं वळले. "कुठं हाईस गं?" मी गप्प. "आगं, बोल की." बाईंचं बोट ओठावरून हलेना. लग्नात उखाण्यात घेतल्यावर ज्या माणसानं पुन्हा कधी माझं नाव घेतलं नव्हतं, त्यानं भिंत चाचपत हाक मारली, "पारू."

मग तिथंच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "चला, बाई."

सांगलीला बर्फाहून गार सळईनं डोळ्याला बाहेरून चटका दिला, भोकाभोवती पडदा चिकटावा म्हणून. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. शिंकायचीसुद्धा चोरी. हे विचारायचे, "उजाडलं का?" बाहेर दुपार असायची. मी बाईंना विचारायची, "दिसेल ना हो?" त्यांनी एकदाही हो म्हटलं नाही. "पट्टी सुटल्यावर बघू," एवढंच.

पट्टी सुटली. हे माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "कुक्कू वाकडं लावलंयस." मी पदरात तोंड घालून रडले.

दुसऱ्या दिवशी पेढे नेले. बाईंनी पुडा उघडलासुद्धा नाही. "हा वाचला त्याचे पेढे, पारूबाई. आणि तो डावा? तोही वाचण्यासारखा होता. पिकायची वाट बघत किती डोळे घरीच विझलेत." उशिरा आलेला एकेक डोळा त्यांना आतून खात होता. त्या दिवशी त्या खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बाई गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. काकांनी मात्र त्या एका डोळ्यावर ऊस पाहिला, नातवंडं पाहिली.

आता झाक बरं उजवा डोळा. काय दिसतं? कडेनं सावली चढल्यासारखी? मग उद्या नको, ऊठ, चहा राहू दे. भावाला बरोबर घे, थेंब घातल्यावर सगळं धूसर होतं. डॉक्टर म्हणतील ते कर, आणि त्यांनी सोडलं की लवकर माझ्याकडं ये गं. मी दारातच बसते. वाट नीट दिसली नाही तरी घाबरू नकोस. या खेपेला मी गप्प राहायची नाही, हाका मारत राहीन.