डिकीतलं पाणी

“पाणी कदी खोटं बोलत न्हाय,” असं अण्णा म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आता प्रवचन सुरू होणार असं वाटावं. सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, खोटं बोलायला त्याला सवड कुठली, असं मी एकदा म्हणालो होतो. कोणी हसलं नाही.

अण्णा आमचे शेजारी. सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर गल्लीतल्या गाड्यांच्या डिक्या कोरड्या ठेवण्याचं व्रत त्यांनी घेतलं. पावसाचं पाणी कुणाच्या डिकीत शिरलं, की खांद्यावर टॉवेल टाकून ते एखाद्या सर्जनसारखे यायचे. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. तुमच्या बायकोला विचारा, तिला माहीत असेल.

“पावडर आणा,” हा पहिला हुकूम. डिकीच्या रबरावर पावडर लावायची, दार आपटायचं, उघडायचं. पत्र्यावरची पांढरी रेघ जिथं तुटली, तिथं रबर टेकत नाही. मग रबराखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी सरकवायची आणि वरून पाणी ओतायचं.

आमच्या गाडीची पाळी आली तेव्हा बायकोने स्वतःच्या पावडरचा डबा काढून दिला. पाठोपाठ दोन बादल्या पाणी. मला दाढीला दुसरा मग मिळत नाही.

“सर, तुमी आत बसा, भिजाल की,” म्हणून अण्णांनी मला घरात पिटाळलं.

“ताई, बगा आता. थेंब न्हाय!”

“तुम्ही होता म्हणून हो, अण्णा.”

गाडी मी घेतली होती. पण इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही. मला ते हवं होतं.

गेल्या वर्षी मुलगा अण्णांना पुण्याला घेऊन गेला. निघताना माझा हात धरून त्यांनी विचारलं, “डिकी कोरडी हाय न्हवं?”

“ठणठणीत,” मी म्हणालो. स्टेपनीखाली पुन्हा पाणी साचलेलं मी सकाळीच पाहिलं होतं.

ते गेले आणि गल्ली सुनी झाली. मलासुद्धा करमेना, हे विशेष.

मग एका रविवारी मी पावडर विकत आणली. उकिडवा बसलो, तुटलेली रेघ शोधली, पट्टी सरकवली, पाणी ओतलं आणि बायकोला हाक मारली. तिने स्टेपनीखाली हात घालून पाहिला. कोरडा. तिचे डोळे भरून आले. मी वाट पाहिली.

“अण्णांनी किती छान शिकवलंय हो तुम्हाला,” ती म्हणाली.

अण्णांनी मला काहीही शिकवलं नव्हतं. मी सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं.