आर्डिथची बंडी

आर्डिथ वेम्पल पहिल्यांदा आमच्या स्टुडिओच्या कपडेपटात आली ती १९३४ साली. आईने सांगितलं, वय सात. मी माप घेतलं आणि गप्प बसले. हॉलिवूडमधल्या सगळ्याच आया पोरांची वर्षं खायच्या, आयव्हा वेम्पलने दोन खाल्ली होती.

वडील, क्लेम, कॅन्ससमध्येच राहिले. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं आणि आर्डिथ ते माझ्या शिलाई मशीनवर टेकवून मोठ्याने वाचायची. "आज तुझ्या मास्तरांची दाढी केली. तुझ्या सिनेमाबद्दल बोलत होते, मी एवढंच म्हटलं, हलू नका." यावर ती इतकी हसायची की दिग्दर्शक म्हणाला, हेच हसू मला पडद्यावर हवंय. त्या हसण्यावर तिचे पाच सिनेमे चालले.

तीन वर्षांनी ती बाराची झाली, कागदावर दहाची. अंग भरू लागलं. आयव्हाने तिचं दूध बंद केलं आणि मला छाती सपाट दिसेल अशी जाड कापडाची बंडी शिवायला लावली. मीच ती शिवली. रोज सकाळी पाठीमागून नाड्या आवळायचे.

"आणखी घट्ट, मिस बर्था," ती म्हणायची. "नाहीतर ममा चिडेल."

"अगं, श्वास घ्यायला तरी जागा ठेव."

"श्वास कॅमेऱ्यात दिसत नाही."

सहाव्या सिनेमाच्या शूटिंगचे तीन दिवस उरले होते. शेवटच्या प्रसंगात युद्धावर गेलेला बाप घरी परततो आणि मुलगी हसत धावत त्याच्या मिठीत जाते. त्याच सकाळी आयव्हा तार घेऊन आली. क्लेम दुकानातच छातीत कळ येऊन गेले होते.

"तिला आत्ता कळता कामा नये," आयव्हा म्हणाली. "ती परत हसेल का गं? तीन दिवस, बर्था. फक्त तीन दिवस."

"आणि अंत्यविधी?"

"आम्ही गेल्याने तो काही उठून बसणार आहे का?"

एवढं बोलून ती टोप्यांच्या कपाटाआड जाऊन रडली. मी तिला पाणी दिलं. आणि तोंड बंद ठेवलं.

तो प्रसंग अकरा वेळा घेतला. अकराही वेळा आर्डिथ फाटकापासून धावत आली, हसत. मधल्या सुट्टीत मी तिच्या झग्याची उसवलेली कड शिवत होते.

"पपा नाताळला येणार आहेत ना," ती म्हणाली, "तेव्हा स्टेशनवर मी अशीच धावणार. सराव होतोय."

सुई माझ्या बोटात गेली. मी म्हटलं, "सरळ उभी राहा."

शूटिंग संपल्यावर केक कापला, टाळ्या झाल्या. घरी जाताना गाडीत आयव्हाने तिला सांगितलं. तोवर कॅन्ससमध्ये क्लेमना पुरून एक दिवस झाला होता.

दुसऱ्या सकाळी आर्डिथ एकटीच माझ्या टेबलापाशी आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने बंडी माझ्यापुढे ठेवली, नीट घडी करून, आणि निघून गेली.

त्यानंतर कॅमेऱ्यासमोर तिला हसू आलं नाही. गुदगुल्या केल्या, विदूषक आणला, आईने एकदा थोबाडीतही मारली. वर्षभरात स्टुडिओने तिला सोडलं. सिनेमा मात्र खूप चालला. ते धावणं बघून लोक डोळे पुसत बाहेर पडायचे.

१९५१ साली ती मला बरबँकच्या टेलिफोन कचेरीबाहेर भेटली. ती तिथे ऑपरेटर होती. उंच, डोळ्यांवर चष्मा, बाकावर बसलेली, डबा मांडीवर. मी शेजारी बसले. चौदा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य कसंबसं बोलले, "आर्डिथ, मला माफ कर."

तिने सँडविचच्या कागदाची नीट घडी घातली.

"माफ केलं, असं म्हणू शकते," ती म्हणाली. "असं म्हणायला मला फार छान येतं, डोळ्यांत पाणी आणून. तेच शिकले ना मी लहानपणी. म्हणून तुम्हाला तसं नाही म्हणत, मिस बर्था."

आत घंटा वाजली. तिने डबा बंद केला, मला हाताला धरून उठवलं, कारण माझे गुडघे आता धरतात, आणि रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यापर्यंत पोचवून कामावर गेली.