बजाबाई बोलू लागल्या

"आत्या, जरा गप्प बसा की! आत दहावीची सहा पोरं बसलीत आणि तुमचं आपलं चालूच. 'आता भाजी निवडते, आता उठले, आता पाणी आणते.' रेडिओ बरा, बंद तरी करता येतो."

"तेवढं सोडून काय बी सांग, वैष्णवी."

जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत सूनबाईंची शिकवणी चालायची; सासू-सून मागच्या दारी बोलत होत्या. बजाबाईंचं सारं आयुष्य सांगोल्याकडं मेंढरांमागं गेलं. सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. सासरे गेले तरी सवय राहिली. चाळीस वर्षांत कोंडीबांशी त्या चाळीस वाक्यं बोलल्या नसतील. आता मात्र तोंडाला खंड नव्हता.

"काल तुझं ऐकून मुकी ऱ्हायले," बजाबाई म्हणाल्या. "ताट घेऊन गेले, तर तुझे मामा भितीला टेकून बसले. 'बाई, कोणाच्या तुमी? माझी बायकू हितंच आसंल, तिला हाक मारा,' म्हनले."

"विसरतात ते. हे म्हणालेच होते."

"इसरत न्हाईत गं."

मुलानं, ऋतुराजनं दवाखान्यातून येऊन 'विसरतात' एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरांचं नीट ऐकलं होतं ते बजाबाईंनी; तेच त्यांनी आता सुनेला सांगितलं. कोंडीबांना आलेल्या झटक्यात मेंदूतली माणसांचे चेहरे ओळखणारी जागा दुखावली. नजर, आठवण शाबूत. आवाज ओळखायची जागा वेगळी, ती वाचली. पुतण्या गुंडा फोनवर मेंढरांचे फोटो पाठवायचा, तर कोंडीबा एकेक मेंढी तोंडावरून सांगायचे. लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून मात्र विचारायचे, "ही कोण?" बजाबाई हसून म्हणायच्या, "हाय एक सांगोल्याची."

वैष्णवी हातातला खडू चोळत राहिली. मामा आपल्याकडं परक्यासारखं बघतात, म्हणून सहा महिने ती चहाचा कप त्यांच्यापुढं न बोलता ठेवून जात होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली. कोंडीबांनी पाय आखडून घेतले, धोतर सावरलं.

"मामा, मी वैष्णवी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "व्हय की पोरी! ये, बस. लई दिसांनी आलीस."

ती बसली. आतून पोरांनी दोनदा हाका मारल्या, तरी उठली नाही. पोरांच्या परीक्षेचं, पाणी चार दिवसांनी येतं त्याचं, काहीबाही बोलत राहिली.

संध्याकाळी ऋतुराजच्या ताटात भाकरी वाढताना तिनं सांगितलं, "सोमवारपासून शिकवणी गच्चीवर; खाली आत्यांना बोलू दे. वर सावलीला पत्र्याचं तुम्ही बघा."